आज काय दिसलं?

चार डॉक्टर एकत्र जमले की गप्पा कोणत्या वळणाने जाणार, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नसते. ओपीडीतील गर्दी, औषधांच्या किमती, मुलांच्या प्रवेशपरीक्षा आणि गावाबाहेर घेतलेला प्लॉट, या चार मुक्कामांच्या पलीकडे आपली गाडी क्वचितच जाते. चार पक्षिनिरीक्षक जमले की मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आज काय दिसलं?" प्रकृतीची विचारपूस नंतर, चहा त्याहूनही नंतर.

स्मरणिकेसाठी लेख मागताना बालसंगोपनावर काहीतरी लिहून मिळेल, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असणार. परंतु लसीकरण, जंत आणि अभ्यासाचा ताण या विषयांवर मी आजवर वाचकांचा पुरेसा अंत पाहिला आहे. या वेळी त्या साध्या प्रश्नाविषयी लिहावेसे वाटते. वरवर रिकामटेकड्या भासणाऱ्या या गप्पांमधून आपल्या परिसराची प्रकृती कळते. आणि त्यांचा धागा धरून पुढे गेले, तर तो थेट आपल्या प्रिस्क्रिप्शन पॅडपर्यंत येऊन पोहोचतो.

लक्षणे आणि निदान

आमच्या मंडळींत एक निवृत्त गुरुजी आहेत, कापसाचे व्यापारी आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, वनखात्यातील एक तरुण कर्मचारी आहे आणि पदवीच्या वर्गात शिकणारी एक मुलगी आहे. वय, पैसा, हुद्दा यांना येथे फारसा मान नाही. मान आहे तो डोळ्याला आणि कानाला. पहाटे तळ्याच्या बांधावर किंवा सागाच्या रानात दोन तास फिरावे, परतताना टपरीवर चहा घ्यावा आणि पाहिलेल्यावर बोलत बसावे, एवढाच कार्यक्रम. त्या बोलण्याचा नमुना असा :

"काका, धोबी आले!"

"भुवई पांढरी होती का गं?" गुरुजी विचारतात.

"हो. डोकं सगळं काळं आणि भुवई पांढरी. आकारानंही चांगला मोठा होता."

"मग तो आला नाही, बाळ. तो बारा महिने इथलाच. पाहुण्याचा चेहराच पांढरा असतो."

एवढ्याशा संवादात केवढे तरी ज्ञान सामावलेले आहे! पांढऱ्या भुवईचा धोबी आपल्या नदीनाल्यांचा कायमचा रहिवासी. पांढरा धोबी मात्र उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येणारा. एका भुवईवरून रहिवासी आणि प्रवासी यांचा निवाडा होतो. आपण रुग्णाची हकिकत घेतो तीही अशीच. केव्हापासून, कोठे, कशाने वाढते, सोबत आणखी काय? पक्षिनिरीक्षकही विचारतो : चिमणीएवढा की साळुंकीएवढा? चोच कशी? जमिनीवर चालत होता की उड्या मारत होता? शेपटी हलवत होता का? महिना कोणता? पुस्तक उघडायचे ते या सगळ्यानंतर. तपासण्यांचे कागद आधी आणि रुग्ण नंतर पाहण्याच्या आजच्या दिवसांत ही शिस्त मला मोलाची वाटते.

कानाच्या बाबतीत तर गंमतच आहे. उन्हाळा सरत आला की पावशा ओरडू लागतो. मराठी शेतकऱ्याला त्याच्या ओरडण्यात 'पेर्ते व्हा' ऐकू येते, हिंदी भाषकाला 'पी कहाँ' आणि इंग्रजाला 'ब्रेन फीव्हर'! पक्षी तोच, आवाजही तोच. शेतकऱ्याच्या मनात पेरणी होती, विरहिणीच्या मनात प्रियकर आणि परमुलखातील उन्हाने हैराण झालेल्या साहेबाच्या मनात ज्वर. आपल्या व्यवसायातील मंडळींनी यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. मनात जे आधीच ठरलेले असते, तेच स्टेथोस्कोपमधूनही ऐकू येण्याचा धोका असतो.

पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर

आदिलाबादच्या गप्पांना आणखी एक रंग आहे, तो भाषेचा. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र. बेला, जैनद या भागांत घराघरांत मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी उर्दू, उटनूरच्या बाजूला गोंडी आणि कोलामी. त्यामुळे आमच्यात एका पक्ष्याला किमान तीन नावे असतात. आपली चिमणी ही तेलुगूत पिच्चुका, साळुंकी ही गोरिंका, बगळा हा कोंगा. आपला नीलपंख, ज्याला कोणी चास म्हणतात, तो हिंदीत नीलकंठ आणि तेलुगूत पालपिट्ट होतो. वाद विकोपाला गेला की शास्त्रीय नावाला मध्यस्थ म्हणून बोलवावे लागते. औषधाच्या ब्रँडवरून घोळ झाला की आपण मूळ नावाकडे वळतो, तसेच.

पालपिट्ट हा तेलंगणाचा राज्यपक्षी, तर हरियाल हा महाराष्ट्राचा. दोघेही पैनगंगा ओलांडताना कोणाची परवानगी घेत नाहीत. दसऱ्याला पालपिट्टचे दर्शन शुभ मानण्याची तेलंगणातील प्रथा आपल्याकडील मराठी घरांनीही आपलीशी केली आहे. शमीची पूजा करून लोक शेताच्या दिशेने जातात आणि तारेवर बसलेला तो निळा पक्षी दिसला की हात जोडतात. प्रथा सुंदर आहे. पण काही ठिकाणी पक्षी पकडून, पिंजऱ्यात कोंडून, दर्शनासाठी पैसे घेण्याचा धंदा त्यातून निघाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे. आमचे गुरुजी दरवर्षी दसऱ्याच्या आधी ओळखीच्या घरी जाऊन एवढेच सांगतात, "दर्शन तारेवरचं घ्या, पिंजऱ्यातलं नको." कायद्याच्या कलमाने जे होत नाही ते कधीकधी गुरुजींच्या एका वाक्याने होते.

"खात्री आहे ना?"

या मंडळींतला दुसरा आवडता प्रश्न म्हणजे, "खात्री आहे ना?" तो विचारल्याचा कोणाला राग येत नाही, हे या गप्पांचे मोठेपण. या प्रश्नाचे महत्त्व ज्या पक्ष्याने पटवून दिले, तो आपल्या महाराष्ट्रातलाच.

वनपिंगळा हे लहानसे घुबड. १८८४ नंतर त्याचा एकही भरवशाचा पुरावा नव्हता; अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याचा दावा केला होता. एवढ्या मोठ्या नावावर कोण संशय घेणार? पण अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो दुसऱ्याच संग्राहकाने एकोणिसाव्या शतकात मिळवलेला, मागाहून चोरून नवे लेबल लावलेला निघाला. खोट्या नोंदीमुळे लोक चुकीच्या ठिकाणी शोध घेत राहिले होते. ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट खानदेशात शहाद्याजवळ आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, एकशे तेरा वर्षांनी, भरदिवसा फांदीवर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. एका खोट्या केस रिपोर्टने किती वर्षे वाया जातात, हे वैद्यकातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

ज्यांच्या गळ्यात दुर्बीण नसते

दुसरी हकिकत आपल्याच व्यवसायबंधूंशी जोडलेली आहे. थॉमस जर्डन हे मद्रास सैन्यातील सर्जन. रुग्णसेवेच्या जोडीने त्यांनी भारतातील पक्ष्यांवर ग्रंथ सिद्ध केला. तो १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांनी शोधलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा एक निशाचर धाविक पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नाही. तो नामशेष झाला, असेच बहुतेकांनी गृहीत धरले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भरत भूषण त्याच्या शोधात आंध्रातील कडप्पा जिल्ह्यात हिंडले. चित्र दाखवून ते गावकऱ्यांशी, पाखरे धरणाऱ्यांशी बोलत राहिले. शास्त्राने मृत ठरवलेल्या या पक्ष्याला त्या लोकांकडे 'कलिवि कोडि' असे रोजचे नाव होते! जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका स्थानिक माणसाने रात्री बॅटरीच्या उजेडात तो पक्षी पकडून आणला.

पाऊण शतकाहून अधिक काळ हरवलेला पक्षी केवळ सभ्यपणे विचारल्याने सापडला. म्हणून आमच्या मंडळींत एक संकेत आहे. रानात गुराखी भेटला, मोहफुले वेचणारी गोंड आजी भेटली, तर आधी रामराम, मग विचारपूस आणि मग पाखरांचा विषय. ढोली कोणत्या झाडात आहे, पाण्यावर संध्याकाळी कोण उतरते, हे त्यांना ठाऊक असते. फक्त घरट्याची जागा चारचौघांत बोलायची नाही, हा दुसरा संकेत. रुग्णाचे गुपित आपण सांभाळतो, तसे हे सांभाळायचे.

जे कोणी बोलले नाही

आता थोडे गंभीर बोलायला हवे. गप्पांचा एक उपजत दोष आहे. त्या दिसलेल्याविषयी होतात, न दिसलेल्याविषयी नाही. नवा पाहुणा आला की सगळ्यांना कळते. जुना शेजारी निघून गेला तर त्याची वार्ता कोण देणार?

गिधाडांचे असेच झाले. आपल्या पिढीतील प्रत्येकाने लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर उतरलेली गिधाडे पाहिली आहेत. ती केव्हा दिसेनाशी झाली, हे मात्र आपल्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांच्याजवळ १९८० च्या दशकातील मोजदाद लिहून ठेवलेली होती. म्हणून १९९० च्या दशकात संख्या घसरल्याचे त्यांना आकड्यांनिशी दाखवता आले. पुढे रस्त्यांवरून केलेल्या गणनांतून कळले की, १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्के घटली होती.

कारण आधी कळेना. विषाणू असावा, कीटकनाशक असावे, असे तर्क झाले. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतील अवयवांवर युरिक अॅसिडचा पांढरा लेप साचलेला आढळे. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासातून उत्तर दिले : डायक्लोफेनॅक! आपल्या रोजच्या वापरातले, कंबर धरली की हमखास लिहिले जाणारे हे वेदनाशामक गुरांना टोचले जात होते. ते गुरू लवकरच दगावले तर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरत होती. शंभर मृत जनावरांपैकी एकात औषध असले, तरी एवढी घट होण्यास ते पुरेसे होते. कारण एका शवावर गिधाडांची अख्खी पंगत बसते.

भारतात २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीची ३० मिलिलिटरची मोठी कुपी बाजारात राहिली आणि तीच गोठ्यात पोहोचू लागली. २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतीच ठेवण्याचा आदेश निघाला, तो यासाठीच. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांनाही जनावरांच्या बाबतीत मनाई झाली, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडला. हेच निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून बंदी आहे, हे बालरोगतज्ज्ञांना स्मरत असेलच.

गिधाडे गेल्याने आपले काय बिघडले, असे कोणी विचारील. उघड्यावर सडणारे मांस कुत्र्यांच्या वाट्याला आले. कुत्रे चावलेली मुले माझ्याकडे येतात, तेव्हा जखमा बहुधा तोंडावर आणि डोक्यावर असतात. कारण त्यांची उंचीच तेवढी. अशा जखमांत रेबीजचा धोका अधिक आणि हाती वेळ कमी. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे संपल्यामुळे भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज मांडला आहे. दूषित पाणी आणि रेबीज या त्यामागच्या वाटा त्यांनी दाखवल्या आहेत.

या काळोखात आपल्याच मुलखात एक दिवा दिसला. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार जिल्हे झाले. त्यांतील कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, बेज्जूरच्या जंगलात, पालारापूचा उभा कडा आहे. त्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत असल्याचे २०१३ मध्ये उजेडात आले आणि तेलंगणाच्या वनखात्याने तेथे राखण व देखरेख सुरू केली. प्राणहितेच्या पलीकडे गडचिरोलीत महाराष्ट्राच्या वनखात्याने गिधाडांसाठी उपाहारगृहे चालवली. म्हणजे मृत जनावरे निर्धोक असल्याची खात्री करून ती ठरावीक जागी ठेवली. राबंदू म्हणा की गिधाड म्हणा, नदीच्या दोन्ही तीरांवरील गोठ्यांत काय टोचले जाते, यावर त्या कड्यावरील पिल्लांचे जगणे अवलंबून आहे.

आणि हे गोठे आपल्या ओपीडीपासून दूर नाहीत. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, तो बैल लंगडू लागला की शेतकरी जवळच्या मेडिकल स्टोअरमध्ये जातो, कधी आपल्यालाच विचारतो. त्या वेळी दोन वाक्ये सांगता येतील. माणसाचे इंजेक्शन बैलाला नको, पशुवैद्याला दाखवा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आहे, टोल्फेनॅमिक अॅसिडही. औषध दुकानदार आपल्याच ओळखीचे असतात. त्यांच्याही कानावर हे घालता येईल.

वहीत उतरलेले बोलणे

केवळ आठवणीवर विसंबले तर आपण चुकीच्या गोष्टीसाठी हळहळतो. "चिमण्या संपल्या हो," हे वाक्य आपण सारेच ऐकतो. पण देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये तयार झालेल्या अहवालात, महानगरांत चिमण्या घटल्या असल्या तरी देशाचा विचार करता त्यांची संख्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर असल्याचे दिसले. उलट, ज्या नीलपंखाला आपण दसऱ्याला हात जोडतो, त्याच्याविषयी कोणी हळहळले नाही. आणि २०२३ च्या अहवालात त्याची घट इतकी ठळक दिसली की, त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा जागतिक पातळीवर फेरविचार व्हावा, अशी शिफारस करण्यात आली. या दुसऱ्या अहवालासाठी सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या. त्यातील बहुतेक माणसे हौशी; कोणी शिक्षक, कोणी गृहिणी, कोणी आपल्यासारखे डॉक्टर. त्यांनी केले एवढेच की, "आज काय दिसलं?" याचे उत्तर तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह लिहून ठेवले; आणि त्यात कावळे, साळुंक्या, होले यांनाही वगळले नाही.

डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांनी लिहून ठेवले म्हणून आजच्या याद्या त्या काळाशी ताडून पाहता येतात. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भातील जंगलांत वनाधिकारी म्हणून काम करताना रानातील माणसांकडून ऐकलेले मराठीत उतरवले, म्हणून आपल्याला या विषयावर आपल्या भाषेत बोलता येते. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. आपण सीमेच्या अलीकडे राहतो म्हणून तो पाळू नये, असे थोडेच आहे?

माझी सूचना साधी आहे. त्या आठवड्यात प्रत्येक सभासदाने दवाखान्याच्या टेबलावर एक वही ठेवावी. सकाळी पंधरा मिनिटे अंगणात, गच्चीवर किंवा रुग्णालयाच्या आवारातील कडुनिंबाखाली उभे राहून जे दिसेल, जितके दिसेल, ते लिहावे. नाव येत नसेल तर वर्णन लिहावे. नाव सांगणारा कोणीतरी भेटतोच. 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' म्हणत मुलांना भरवणाऱ्या आया आपल्याकडे रोज येतात. औषध लिहून झाल्यावर त्यांच्या लेकरांनाही विचारावे, की बाळा, चिऊ कुठे दिसली? किती होत्या? मुले खरे सांगतात आणि मोजायला त्यांना आवडते. त्यांची उत्तरेही त्या वहीत, तारीख घालून, लिहून ठेवावीत.